एकाच वायरभोवती

निवृत्तीनंतरचा पहिला डिसेंबर.
अंबडच्या टेस्टिंग बेंचवर एकतीस वर्षं
दुसऱ्यांची स्विचगिअर तापवून पाहिली,
आता घरचा मीटर.

पहिल्याच दिवशी शिकाऊ पोरासारखी चूक :
क्लॅम्प अख्ख्या केबलभोवती लावला,
फेज आणि न्यूट्रल एकत्र.
फ्रिज चालू, गिझर चालू, खाली पंप पाणी ओढतोय
आणि स्क्रीनवर शून्य.
जाणारा करंट न् परत येणारा करंट
एकमेकांना खोडून टाकतात.
इंदू म्हणाली, "म्हणजे या घरात काहीच चालत नाही?"
"चालतं. दिसत नाही."
ती बादली उचलून गच्चीवर गेली.

मग एकाच वायरभोवती.
कापायची नाही, सोलायची नाही,
नुसतं कडं घालायचं.
आतून काय वाहतंय ते कड्याला कळतं.

आलेख आला तो कुसळांनी भरलेला.
भिंतीपलीकडून अहिररावांच्या इन्व्हर्टरची चुरचुर,
सगळी रेघ खाजरी.
आणि रोज पहाटे तीन वाजून सात मिनिटांनी
एक उभा खांब :
सहाशे वॅट, दोन मिनिटं चार सेकंद.
हाही गोंगाटच, असं मी वहीत लिहिलं
आणि खाली रेघ मारली.

तांबट लेनमध्ये त्र्यंबक कासारांसमोर ड्रॉइंग धरलं.
नऊ बाय सहा, तांब्याचा डबा, झाकण घट्ट.
"यात भरणार काय?"
"भरायचं नाही. बाहेरचं आत येऊ नये म्हणून."
हातोडी थांबली.
"आमच्या भांड्यांचं उलटं की."

झाकणाला केसाएवढी फट राहिलीच.
फट रुंद किती याला फारसा अर्थ नसतो,
लांब किती, ते बघायचं.
घरी येऊन जागोजागी डाख दिला,
आत बिस्किटांच्या डब्याचा पत्रा बसवला,
शील्डची अर्थिंग एकाच टोकाला.
दोन्हीकडे जोडली तर लूप होतो,
गुणगुण आतल्या आत फिरत राहते
आणि माणूस बाहेर शोधत बसतो.

कुसळं गेली.
फ्रिजच्या टेकड्या दिसायला लागल्या,
तळाशी त्रेसष्ट वॅट कायम :
राउटर, टीव्हीचा लाल ठिपका,
कुठल्यातरी खोलीत विसरलेला चार्जर.
अहिरराव पूर्ण पुसले गेले.

खांब तसाच.

म्हणजे तो बाहेरचा नव्हता.

सहाशे वॅटचं घरात एकच :
निनादच्या होस्टेलची केटल, माळ्यावर टाकलेली.
एक कप पाणी, डिसेंबरच्या नळाचं,
चौदा अंशांपासून उकळीपर्यंत.
वहीच्या मागच्या पानावर गणित केलं.
बरोबर आलं.
गॅस पेटवला असता तर
लायटरचा आवाज झाला असता.

सतरा रात्रींच्या नोंदी माझ्याकडे आहेत.
त्याआधीचं मीटरला माहीत नाही.

तिसऱ्या पाळीत बेंचपाशी चहाची किटली यायची ती तीनला.
पाच-दहा मिनिटं पुढंमागं.
लग्न नवं होतं तेव्हा कधीतरी
मी तिला हे सांगितलं होतं, बहुतेक.
नसेलही सांगितलं.

सकाळी ओट्यावर गवती चहाचं एक पातं,
ओलं, वेढा घेतलेलं.
मी ते उचललं नाही.
ती म्हणाली, "झाला का तुमचा डबा?"
मी म्हणालो, "झाला."
"मग? काय निघालं?"
मी सांगितलं, टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करत जा,
महिन्याला अर्धा युनिट तरी वाचेल.

आज सकाळी वहीत उतरवलेली कालची नोंद :
तीन वाजून नऊ मिनिटं.
सहाशे वॅट.
तीन मिनिटं छप्पन्न सेकंद.
त्यानंतर स्वयंपाकघराची ट्यूब,
वीस वॅट,
साडेचारपर्यंत.